कय्यूमभाईचं एकुलतं एक खोटं

६ ऑगस्ट १९७८, रविवार. मोहाडी.
वाचनालयाचे अध्यक्ष लक्ष्मणराव, त्यांना आज विषय कळवून टाकला : 'इस्लाम परिपूर्णतेचा आणि नैतिक सुसंगतीचा दावा करतो काय?' माझं लेक्चर १७ सप्टेंबरला. लक्ष्मणराव म्हणे, उदाहरणं द्या, कोरडं बोललं की लोक उठून जातात. यंदा ते अध्यक्षपद सोडून राहिले. लेक्चर जमलं की खुर्ची आपलीच. तहसीलमध्ये जन्मभर अव्वल कारकुनी केली आहे. उलटतपासणी मले कोणी शिकवू नये.

८ ऑगस्ट
सुरुवात शेजारूनच. सायकल दुकानवाला कय्यूमभाई, आपला जुना दोस्त. रोजे सुरू झाले आहेत. विचारलं, तुमचा धर्म परिपूर्ण आहे काय? पंक्चर काढता काढता म्हणे, हो. एवढंच. मी म्हटलं, मग आजाऱ्याले, प्रवाशाले रोज्यातून सूट कायले? परिपूर्ण नियमाले सूट लागते काय? तो म्हणे, सूट बी नियमातच लिहून आहे. माझ्या नोंदीत 'टाळाटाळ' असा शेरा मारला.

९ ऑगस्ट
संकल्प : कुराणाचं हिंदी भाषांतर, रोज दहा पानं.
आज तीन. चष्म्याचा नंबर बदललेला दिसते.

१४ ऑगस्ट, सोमवार
श्रावण सोमवार आणि एकादशी एकदम. उपास कडक. बायकोनं, ललितानं, सकाळीच बजावलं, वर्षभर काही करत नाही तुम्ही, आज तरी पाळा. पाळला. संध्याकाळी अभ्यासासाठी कय्यूमभाईच्या घरी रोजा सोडताना जाऊन बसलो. निव्वळ निरीक्षण. भाभींनी खिमा पुढं ठेवला. कय्यूमभाई म्हणे, आज तुमचा उपास असेल ना? मी म्हटलं, पाहुण्याले सूट आहे. दोनदा घेतला. अन्नाचा अपमान आपल्याच्यानं होत नाही.
निघताना त्याले सांगितलं, आमच्या घरून विचारलं तर फक्त खजूर खाल्ला म्हणा. तो म्हणे, बघतो.

१६ ऑगस्ट
ललितानं आज कय्यूमभाईले कुंपणापाशी गाठलं. मी खिडकीतून पाहून राहिलो. बोलणं झालं, ती घरात आली आणि मले एक शब्द बोलली नाही.
म्हणजे कय्यूमभाई खोटं बोलला. तेही रोज्यात. ज्याच्या धर्मात खोट्याले जागा नाही, तो. सुसंगतीच्या दाव्याले याहून मोठा तडा कोणता? प्रूफ घरबसल्या चालत आलं.
अडचण एवढीच की प्रूफ द्यायचं तर खिमा सांगावा लागते.

२० ऑगस्ट
ललिता हल्ली माझं ताट ओसरीत वाढते. देवघराची पायरी चढू नका म्हणते. माझ्या गुडघ्यांची तिले फार काळजी.

२५ ऑगस्ट, शुक्रवार
मशिदीतले हाफिजजी भेटले. त्यांच्यावर सरळ सरबत्ती केली. म्हणे, परिपूर्ण तो दीन आहे, म्हणजे धर्म, माणूस नाही. माणूस चुकतो, म्हणून तर तौबा आहे, पस्तावून माफी मागायची. मी म्हटलं, हे बरं आहे. चांगलं केलं की श्रेय धर्माले, वाईट केलं की दोष माणसाले. मग दावा तपासायचा कसा? हाफिजजींनी दाढीवरून हात फिरवला. म्हणे, सवाल वजनदार आहे. मग म्हणे, तुमच्या धर्माचा तुम्ही कसा तपासता?
मले बाजारात जायची घाई होती.

५ सप्टेंबर
ईद झाली. शिरखुर्म्याचा अभ्यास पूर्ण. कुराणाची प्रस्तावना संपत आली.

१६ सप्टेंबर
मुद्दे पुन्हा तपासले. रोज्यातल्या सुटीचा मुद्दा गळाला. हाफिजजींचा मुद्दा काढला तर ते उलटा सवाल टाकतील, म्हणून तो काटला. उरलं कय्यूमभाईचं खोटं. तेवढं बस आहे. पण सांगणार नाही, दोस्ती आहे. अगदीच वेळ आली तर नाव न घेता. ललिता काही लेक्चरले येत नाही.

१७ सप्टेंबर, रविवार
ललिता आली. बायकांच्या बाजूले, पहिल्या रांगेत. पुरुषांकडे कय्यूमभाई आणि हाफिजजी.
अर्धा तास मी तत्त्व मांडलं. लक्ष्मणराव म्हणे, उदाहरण? मी आणखी तत्त्व मांडलं. मागची रांग उठून जाऊ लागली. अध्यक्षपद डोळ्यांदेखत जाऊन राहिलं, तेव्हा मन घट्ट केलं. म्हटलं, एक सद्गृहस्थ. एकादशीले मित्राच्या घरी खिमा खाऊन बसले. आणि तो रोजेदार मित्र, त्या सद्गृहस्थांच्या बायकोजवळ धडधडीत खोटं बोलला. कुठं गेली सुसंगती?
उठलेले लोक दारातच थांबले. जिंकलो असं वाटलं.
ललिता उभी राहिली. म्हणे, कय्यूमभाई खोटं बोलले नाहीत. मी विचारलं, त्यांनी तिथंच सांगितलं, वहिनी, दोनदा घेतला.
मागची रांग परत येऊन बसली. हसणं थांबेचना. लक्ष्मणरावांनी आभार मानले. ललिताचे.

१८ सप्टेंबर
अध्यक्षपदासाठी सकाळपासून ललिताचं नाव घेऊन राहिले लोक.
कय्यूमभाईच्या दुकानावर गेलो. म्हटलं, धर्मात मनाई आहे म्हणूनच खरं बोलले ना? निदान तेवढं कबूल करा, एक निष्कर्ष तरी हाती लागू द्या. तो चाकाचे तार कसता कसता म्हणे, तुमच्यासाठी बोललोही असतो खोटं. मग तौबा केली असती. अल्लाह माफ करते. वहिनी नाही करत.
घरी चूल पेटली, पण माझ्यासाठी नव्हती. कय्यूमभाईकडंच जेवलो. वांग्याची भाजी होती. खिमा आहे काय, हे विचारायची हिंमत झाली नाही.