भिंतीपलीकडच्या वहिनी

३ नोव्हेंबर

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार. भावोजींची कंबर आता कशी आहे? माझं बरं चाललंय. नवा पाय अजून घासतो, पण शिलाई मशिनं दुरुस्त करायला हात पुरतात.

शेजारच्या वहिनींचं तुला फोनवर सांगितलं होतं. भिंतीतून ठोके ऐकू येतात म्हणालो, तर तू विचारलंस, "गोळ्या घेतोस ना?" वहिनींच्या नवऱ्यालाही जिन्यात विचारलं. तो हसला. "ती माहेरी गेलीय, फौजी. तुमच्या डोक्यात अजून तोफा वाजताहेत." मला पटलं. स्फोटापासून माझे कान मला किती फसवतात, तुला ठाऊकच आहे. गोळी घेऊन पडलो. थोड्या वेळानं ठोके थांबले. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

सकाळी त्यांचं दार किलकिलं होतं. आत टेबलावर वहिनींचा चष्मा. त्याच्याशिवाय त्यांना समोरची पायरी दिसत नाही, माहेरी जातील कशा? मी आत घुसलो, मागच्या खोलीची कडी काढली. वहिनी भिंतीशी पडलेल्या, हात बांधलेले, डोकं फुटलेलं. श्वास चालू होता. त्या टाचेनं भिंत ठोकत होत्या, ताई. आणि ठोके ऐकू येतात हे त्याला मीच सांगितलं होतं.

त्यांना मांडीवर घेऊन हाका मारल्या. लोक आले, नवराही आला. आल्याआल्या ओरडला, "या वेड्यानं मारलं तिला!" माझे हात रक्तानं भरलेले. त्याच्या बोलण्याची कुणाला शंकासुद्धा आली नाही. पोलिसांनी मलाच धरून नेलं.

काल वहिनी शुद्धीवर आल्या, नवऱ्यानंच मारलं म्हणाल्या. त्याला धरलं, मला सोडलं.

इथेच पत्र संपवणार होतो. पण चौकीतून साहेबांनी तुला फोन केला, तेव्हा मी समोरच बसलो होतो. तुझा आवाज ऐकू येत होता. "केलंही असेल त्यानं," म्हणालीस आणि रडायला लागलीस.

रागावलो नाही गं. तुझ्या घरी असताना झोपेत मी तुझाच गळा धरला होता. कोठडीत मीसुद्धा हातांकडे बघून स्वतःला हेच विचारत होतो. फक्त वाटलं होतं, एक कुणीतरी 'नाही' म्हणेल.

शनिवारी येतेस असं कळवलंयस. ये. दिवसाच ये, भावोजींना घेऊन ये. दार उघडं ठेवीन. आत यावंसं वाटलं नाही, तर उंबऱ्याशीच बस. मी खोलीच्या त्या टोकाला बसेन.

अजूनही तुझाच,
धाकटा