नंदीचा हिरवा रंग

सावरगाव (पांढुर्णा),
५ सप्टेंबर २०२४

चि. पल्लवीस भाऊराव मामाचे अ. आ.

तुझ्या बाबांना विहीर खोदताना सापडलेला हिरवा स्फटिक नागपूरला येणाऱ्या आपल्या गावच्या योगेशजवळ पाठवून राहिलो. ताई म्हणाली, नागपूरच्या प्रदर्शनात दगड जमवणारे हौशी लोक येतात, पोरीचं नाव होईल. भाऊजी असते तर त्यांनी स्वतः उचलून आणला असता. चकाचक केला आहे; आता पाणी लावू नको, पुसूही नको. परवाच्या तान्ह्या पोळ्यासाठी पोरांचे अकरा लाकडी नंदी रंगवले, बोटं अजून हिरवी आहेत. दगडं शिकता शिकता तू दगड होऊ नको म्हणजे झालं.

मामावर लोभ ठेव.
भाऊराव

नागपूर,
१६ सप्टेंबर

ती. मामांस पल्लवीचा शि. सा. न.

पुण्याच्या एका संग्राहकांनी आपला खडा भिंगाखाली धरला. असा हिरवा आमच्याकडेच निघतो, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगत होते. त्यांनी थिनरचा कापूस टेकवला, तर कापूस हिरवा आणि खडा पांढराफटक. लोक हसले. आमचे सर मान खाली घालून उभे राहिले. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहिते. काय झालं ते खरं सांगा.

आपली,
पल्लवी

सावरगाव,
२१ सप्टेंबर

चि. पल्लवीस अ. आ.

फोनवर तुझा आवाज ऐकायची हिंमत नव्हती. खडा मळका दिसून राहिला होता, म्हणून फरशी धुवायच्या ॲसिडात बुडवला. काढला तर सगळी चमक गेलेली, वरून पांढरा पडलेला. तुझ्या बाबांची तेवढीच वस्तू तुझ्यासाठी उरली होती. मी घाबरलो आणि नंदीचा उरलेला रंग बारीक ब्रशनं लावला. साठीचा माणूस मी, पोरासारखं लपवलं. फार लाज वाटते. ताईला अजून सांगितलं नाही. माझ्यापायी तुला खाली पाहावं लागलं.

रागाव, पण तोडू नको.
भाऊराव

नागपूर,
२६ सप्टेंबर

ती. मामांस शि. सा. न.

माझी लाज तुमच्याहून मोठी आहे. हा कुणी रंगवला, असं प्रदर्शनात त्या संग्राहकांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, पांढुर्ण्याच्या स्टँडवर एका फेरीवाल्यानं मला फसवलं. खड्यापुढे बाबांच्या नावाची चिठ्ठी होती. कुणी वाचायच्या आत ती मी मुठीत चुरगाळली. तुमच्या हातून रंग गेला, मी तर बाबांनाच नाही म्हटलं.

काल सरांना आणि त्या गृहस्थांना सगळं खरं लिहून कळवलं. खडा माझ्या टेबलावर आहे. बाबांच्या नावाची नवी चिठ्ठी लिहिली: सावरगावची विहीर, तुळशीराम यांनी काढला. खाली जागा उरली होती, तिथे रंगवणारे म्हणून तुमचं नाव घातलं.

आईला एकटे सांगायला जाऊ नका. दिवाळीला मी येते, दोघं मिळून सांगू.

फोन उचला, एवढा लोभ असू द्या.
तुमचीच,
पल्लवी