रिकामा रस्ता

१ एप्रिल २०१२, कोलंबस, अमेरिका

जावयानं चावी दिली! "अप्पा, सोमवार ते गुरुवार मी शिकागोला असतो. श्रद्धाला कळा सुरू झाल्या तर दवाखान्यात तुम्हीच न्यायचं. वीस मिनिटांचा रस्ता आहे."

म्हटलं, अनिमेषराव, शिरूर अनंतपाळ–लातूर अठरा वर्षं काळी-पिवळी जीप हाकली. त्या जिपेवर ट्यूशनच्या पोरांचं हॉस्टेल उभं केलं. वीस मिनिटांचं काय घेऊन बसलात!

ऐटीत दार उघडून बसलो. समोर स्टिअरिंगच नाही! श्रद्धा पोट धरून हसली— "अप्पा, तिथं मी बसते."

३ एप्रिल

डावा हात गियर शोधतो आणि दारावर आपटतो. वळताना इशारा द्यायला गेलो तर वायपर फिरले. कडक उन्हात!

६ एप्रिल

इथं चौकात चारी बाजूंना थांबायच्या पाट्या. जो आधी आला तो आधी जाणार. लातुरात ज्याचं तोंड पुढं घुसलं तो आधी. मी आपला माणुसकीनं हात करत राहिलो— चला, चला. सात गाड्या गेल्या. श्रद्धा म्हणाली, "निघायचं का बाळ इथंच होऊ द्यायचं?"

एकानं वाट दिली म्हणून हॉर्न वाजवला, तर तो काच खाली करून डोळे वटारायला लागला. शेजारीण सिंधु निजामाबादची, तिचं-माझं दखनीत जमतं. तिनं समजावलं— "अंकल, इधर हॉर्न नक्को मारो. गाली समझते."

मी कानानं गाडी चालवणारा माणूस. मागून येणारा ट्रक भरलेला की रिकामा, ते न वळता सांगायचो. इथं काचा लावल्या की सगळं गप्प. घरातही तसंच. श्रद्धा दिवसभर कानात हेडफोन घालून ऑफिसच्या कामात. माझ्याशी बोलते ती गाडीच— पट्टा लावा म्हणून.

९ एप्रिल

हॉस्टेलवरून आचारी मलप्पाचा फोन. "मालक, पोरं वरण लई पातळ हाय म्हणायलीत. कधी येता?" किती बरं वाटलं!

११ एप्रिल

वाईट झालं. दुपारी एकटाच दूध आणायला गेलो. वळण घेतलं आणि खुशाल डावीकडून चाललो— पत्ताच नाही! समोरून शाळेची पिवळी बस. दहा हातांवर थांबली. चालवणारी बाई नुसती बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गर्दीत मी चुकत नाही, पुढच्याच्या मागं जातो. रस्ता रिकामा असला की हात आपोआप लातूरची बाजू धरतात. आणि दवाखान्याचा रस्ता बहुतेक रिकामाच असतो.

श्रद्धाला सांगावं? सांगितलं तर चावी जाईल. मग मी इथं कशाला? टीव्ही बघायला?

१२ एप्रिल

नाही सांगितलं.

१४ एप्रिल

श्रद्धा फोनवर मैत्रिणीला सांगत होती— "मला कसली काळजी? भूकंपात आमच्या अप्पांनी जीप भरभरून माणसं लातूरला पोचवली." ताटावरून उठलो.

त्र्याण्णव साली आम्ही सासुरवाडीला होतो, किल्लारीकडं. चांगुणा, श्रद्धाची आई, ढिगाऱ्याखाली. हाताला लागेना. जे निघाले त्यांना घेऊन पहिली खेप केली. परत आलो तोवर तिला काढलं होतं. दुसऱ्या खेपेत तिला मागं झोपवलं. आठ वर्षांची श्रद्धा पुढं, माझ्या शेजारी. औसा ओलांडलं आणि चांगुणाचं कण्हणं थांबलं. मला ऐकू आलं. गाडी थांबवली नाही.

इतक्या वर्षांत हे कुठं लिहिलं नव्हतं.

उद्या पोरीला बसचं सांगतो. चावी गेली तर जाऊ दे.

१५ एप्रिल

सांगितलं. चावी टेबलावर ठेवली. श्रद्धानं उचलली. पर्समध्ये टाकली. अनिमेषराव म्हणाले, "बरं झालं अप्पा, सांगितलंत." पाहुण्याशी बोलतात तसं.

१७ एप्रिल, दवाखान्यात

दुपारी कळा सुरू झाल्या. सिंधु गाडी घेऊन दारात आली. मी पिशव्या आत ठेवल्या आणि बाजूला झालो. श्रद्धा मागचं दार धरून उभी— "अप्पा, इथं बसा. माझ्याजवळ. गाडी कुणीही चालवेल. आई मागं होती तेव्हा तिचा हात धरायला कुणी नव्हतं. मी सारखी वळून बघत होते."