दोन पुस्तकांतली एक चादर

१२ मार्च, गुरुवार

प्रिय दादा,

तुझं पत्र आणि दोन्ही पुस्तकं मिळाली. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तोही माझ्याच वयाचा आहे, त्याला काय बोलणार. लॉन्ड्रीतलं मोठं मशीन मंगळवारपासून रुसलंय, त्यामुळे हॉस्पिटलच्या चादरी हाताने पिळतेय. अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे. वहिनींचा खोकला गेला का? त्यांना म्हणावं, आधी लेखकमहाशयांच्या सिगारेटी घराबाहेर काढा.

तू सांगितलंस तसं केलं. दोन्ही पुस्तकं इस्त्रीच्या टेबलावर उघडून ठेवली, डावीकडे तुझं, उजवीकडे टिकटिकचं. घड्याळकाकांच्या मुलीला आपण हेच म्हणायचो, हे तिने पहिल्याच पानावर सांगून टाकलंय, आणि नाव तू ठेवलंस हेसुद्धा. एकच गल्ली, दोन्ही घरांचं एकच मागचं अंगण, क्रांतीचं तेच वर्ष. तू अकरा वर्षांचा, ती नऊची. पुढच्या शनिवारी वाचनालयात तुम्हा दोघांना एका व्यासपीठावर बसवणार, म्हणून तिच्या चुका शोधून कळव म्हणालास. त्यानंतरच्या सोमवारी तुझी नवी आवृत्ती छापायला जाणार, तेव्हा माझ्याही कळव म्हणालास. ते मात्र पत्राच्या अगदी तळाशी.

तर ऐक. तुझ्या पुस्तकात आपल्या गल्लीत रक्ताचे पाट वाहतात. तिच्या पुस्तकात गटार तुंबतं आणि तीन आठवडे ते उपसायला कोणी फिरकत नाही. मला गटार आठवतं. तुझ्या बंदुका गडगडाट करतात. ती म्हणते, वरच्या मजल्यावर कोणीतरी जड कपाट ओढतंय असं वाटायचं. तू लिहिलंयस की बाबांनी तुला खांद्यावर घेऊन पहिला मोर्चा दाखवला. खांद्यावर मी होते. बूट चावतो म्हणून तू खाली भोकाड पसरलं होतंस. पण असू दे, आठवणींना थोडं तिखटमीठ लागायचंच.

बाबांबद्दल तुमचं दोघांचं जुळतं. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, नखांत कायम शाई, बोलणं मोजकं. दिवसा सरकारी नोटिसा छापायचे, आणि मधल्या सुट्टीत क्रांतीची पत्रकं. ती पत्रकं आई धुवून पोचवायची त्या कपड्यांच्या बोचक्यांतून घरोघर जायची. घड्याळकाकाही दोन्हीकडे छान उतरलेत. डोळ्याला भिंग लावून बसलेले असायचे, आपण विचारायचो, "काका, किती वाजले?" आणि ते मान वर न करता म्हणायचे, "कुठल्या घड्याळात?"

तिची बासष्ट ते चौऱ्याहत्तर ही पानं बाबांच्या अटकेच्या दिवसाची आहेत. त्यात विशेष काही नाही. पुढे शाळा पुन्हा उघडल्याची तारीख तिने चुकवलीय, ती व्यासपीठावर सांग, लोक टाळ्या वाजवतील.

हॉस्पिटलची गाडी आली. उरलेलं उद्या.

१३ मार्च, शुक्रवार

काल मी खोटं लिहिलं. ते पान फाडून टाकणार होते, पण राहू दे. ह्या बाबतीत आपल्या घराण्याची रीत कशी आहे, हे तुला त्यावरून दिसेल.

त्या दिवसाची आणि त्याच्या परिणामांची तुझी पानं एक्केचाळीस ते पंचेचाळीस. तिची तेरा, तुझी पाच.

खूण तू वाचकांना नीट समजावली आहेस. अंगणातल्या दोरीवर मोठी पांढरी चादर असली, तर बाबांनी पुलावरूनच मागे फिरायचं. चादर नसली, तर घरी यायला हरकत नाही. त्या दुपारी सैनिक समोरच्या शाळेत येऊन बसले. आईने दोरीवर चादर घातली आणि नेहमीसारखी हॉस्पिटलला कपडे पोचवायला गेली, कोणाला संशय यायला नको म्हणून. इथपर्यंत दोन्ही पुस्तकं एकमेकांना धरून आहेत. मग तू लिहितोस, "मी आत गणितं सोडवत होतो. खिडकीतून पाहिलं तर घड्याळकाकू आमची चादर काढत होत्या." आणि तासाभरात बाबा गल्लीत शिरले.

टिकटिक लिहिते की तिची आई त्या दिवशी तापाने फणफणली होती. अंथरुणातून उठलीच नाही. टिकटिक तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत खिडकीपाशी बसली होती. तिला सैनिकांचा ट्रक दिसला, आणि "शेजारचा मुलगा त्याच्यामागे चौकापर्यंत धावत गेला." शेजारी मुलगा एकच होता, दादा. आणि तू गणितं आपणहून कधी सोडवली होतीस रे?

पुढचं तिचंच वाक्य उतरवते. "आभाळ भरून आलं, चार थेंब पडले, आणि एका हाताने ती चादर ओढून घेतली. तो हात माझ्या हातापेक्षा लहान होता. कोणाचा, ते मी तेव्हा बाहेर बोलले नाही, आताही लिहिणार नाही."

तिने लिहिलं नाही, मी लिहिते. चादर मी काढली. चिमटे तोंडात धरून, नेहमीसारखी. त्या सवयीवरूनच तर मी चिमटी झाले.

थेंब पडला की आधी पांढरं उचलायचं, हे मला आईने चालायला लागल्यापासून शिकवलं होतं. आदल्याच आठवड्यात मी उशीर केला म्हणून सहा अभ्रे पुन्हा धुवावे लागले होते आणि माझ्या पाठीत धपाटा बसला होता. खुणेचं मला कोणी सांगितलंच नव्हतं. सात वर्षांची बडबडी पोर, कुठेही बोलून जाईल. चादरीपाशी बस, चिमटीला तिथे फिरकू देऊ नकोस, असं आईने तुला सांगितलं होतं. आणि तू ट्रक बघायला गेलास.

त्याचा मला राग नाही. अकरा वर्षांचं पोरगं ट्रकमागे धावणारच. संध्याकाळी आईने उंबऱ्यातच विचारलं, "चादर कोणी काढली?" बाबांना ओढत नेलं त्याचा आणि चादरीचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं होतं, मला शाबासकी हवी होती. तू माझा दंड करकचून धरलास आणि म्हणालास, "घड्याळकाकूंनी. मी पाहिलं." तू मला वाचवलंस. स्वतःलाही वाचवलंस.

माझा राग पंचेचाळिसाव्या पानाचा आहे. ते लिहिताना तू अकरा वर्षांचा नव्हतास, साठी ओलांडलेला होतास.

बाबा परत आले नाहीत. चार महिन्यांनी क्रांती जिंकली आणि आपली माणसं, बाबांबरोबर काम केलेली माणसं, घड्याळकाकांच्या दुकानात घुसली. त्या पानावर तू लिहितोस, "गद्दारांना जनतेने जाब विचारला." झालं, एक ओळ. टिकटिकने सगळं लिहिलंय. ते काकूंना ओढायला लागले तेव्हा काका मध्ये पडले. म्हणाले, "हिने काढलेली नाही." "मग कोणी काढली?" काकांना माहीत होतं, टिकटिकने त्याच संध्याकाळी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं, खिशात ठेवलं आणि म्हणाले, "मला ठाऊक नाही." मग त्यांचा उजवा हात त्यांच्याच टेबलावर दाबून धरला आणि हातोडीने बोटं ठेचली. त्यानंतर काकांनी एकही घड्याळ उघडलं नाही. वीस वर्षं शाळेची घंटा वाजवत राहिले, डाव्या हाताने.

त्या घंटेवर मी शाळेत गेलेय, दादा. पळत, हसत.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहायला हात धजत नाही, पण आता थांबत नाही. तुझ्या चव्वेचाळिसाव्या पानावर आहे, "निर्लज्जपणाची कमाल म्हणजे चादर घडी घालून आमच्याच कट्ट्यावर ठेवली होती." तू जन्मात कधी कपड्यांना हात लावला नाहीस, म्हणून हे लिहून बसलास. आपली घडी आठव. आधी लांबीला तीन, मग आडव्या दोन, आणि लाल दोऱ्याचा नंबर वरच्या कोपऱ्यात, म्हणजे हॉस्पिटलात गठ्ठा न सोडता मोजता येतो. गल्लीत दुसरं कोणी अशी घडी घालत नव्हतं. आईने ती मला त्याच महिन्यात शिकवली होती आणि माझा एक कोपरा दर वेळी बोटभर बाहेर यायचा.

तू घड्याळकाकूंचं नाव घेतलंस तेव्हा ती चादर आईच्या हातात होती. बाहेर आलेल्या कोपऱ्यावरून तिने अंगठा फिरवला. मग एवढंच म्हणाली, "असं होय."

त्यानंतर तिने मला कधी चादरीची घडी घालू दिली नाही. धू म्हणायची, इस्त्री कर म्हणायची, घडी स्वतः घालायची. शेवटच्या दुखण्यात बोटं वळत नव्हती तरीसुद्धा. मला वाटायचं, मला नीट जमत नाही म्हणून.

काल तुझी पानं वाचून उठले आणि आईची पेटी उघडली. तळाशी, तिच्या लग्नातल्या साडीखाली, ती चादर आहे. हॉस्पिटलला तिने हरवली म्हणून सांगितलं होतं. बावन्न वर्षं ती घडी कोणी मोडलेली नाही. कोपरा बोटभर बाहेर.

म्हणजे आईला माहीत होतं. माहीत असून तिने काकांचा हात जाऊ दिला, माझ्यासाठी. मला तिचा संताप येतो आणि त्याच क्षणी तिच्या कुशीत शिरावंसं वाटतं. ह्या वयात हे झेपत नाही रे.

काकू अजून आहेत, पंच्याऐंशीच्या. तुझं पुस्तक आल्यापासून दूधवालाही बाटली दाराबाहेर ठेवून निघून जातो. आई गेल्यावर मी त्यांना निरोप धाडला होता, पडदे धुऊन देते म्हणून. उत्तर आलं, "आमच्याकडे बादली आहे." तेव्हा मला ते लागलं होतं. केवढी मी शहाणी!

उद्या सकाळी त्यांच्याकडे जाणार आहे. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. चादर बरोबर नेतेय. दार उघडलं नाही तर परवा जाईन.

हे पत्र तुला मंगळवारपर्यंत मिळेल. फोन करू नकोस, फोनवर तू मला गुंडाळतोस. सोमवारच्या आत ती पाच पानं बदल. माझं नाव घाल, तुझा ट्रक घाल. शनिवारी लोकांसमोर तू स्वतः सांगितलंस, तर मी तुझ्या शेजारी येऊन उभी राहीन आणि तुझा हात सोडणार नाही. नाही सांगितलंस, तरी मी उभी राहणारच आहे. पहिल्या रांगेत बघ, चादर मांडीवर असेल.

ह्या वेळी माझा दंड धरायला येऊ नकोस.

वहिनींना नमस्कार.

चादर काढणारी,
तुझी चिमटी