सौम्य गाठीस गंभीर ठरवता येत नसल्याबाबत

प्रति,
मुख्य वैद्यकीय अधिकारी,
कामगार तपासणी कक्ष, पहिला मजला.

विषय : ‘सौम्य’ या शब्दाचा अर्थ समजून घेऊन मला क्रेनवर परत घेण्याबाबत.
संदर्भ : ‘आजार सौम्य, सबब बावन्न दिवसांची गैरहजेरी अक्षम्य’ हे आपले पत्र.

महोदय,

मी आवार क्रमांक दोनमधील उंच क्रेनचा चालक. एकोणीस वर्षांत माझ्या हातून एकही पेटी कोणाच्या डोक्यावर पडलेली नाही. येत्या एक तारखेपासून मला कायमचे फाटकावर बसवण्याचा आदेश निघाला आहे. त्यात कारण म्हणून आपल्या पत्रातील वरील ओळ जशीच्या तशी उतरवली आहे.

१. गेल्या वर्षापासून लघवी करताना माझे डोके फुटायला येई, छाती धडधडे. दोनदा संडासात कोसळलो. आपल्याकडे तीन वेळा आलो. आपण मान वर न करता ‘पाणी कमी प्यावे’ असे लिहून दिलेत. सोबत्यांनी माझे नाव ‘टाकी’ ठेवले. त्यांनी निदान जागा तरी बरोबर सांगितली.

२. मोठ्या रुग्णालयातील परिचारिकेने लघवीच्या आधी व नंतर माझा रक्तदाब मोजला. आधी एकशे तीस, नंतर दोनशे तीस. एवढेच करायचे होते. ते यंत्र आपल्या टेबलावरही आहे. रजेचे अर्ज उडू नयेत म्हणून आपण ते त्यांच्यावर ठेवता. पुढच्या तपासण्यांत मूत्राशयाच्या भिंतीत लिंबाएवढी गाठ निघाली. मूत्राशय आवळले की ती दबे आणि दाब चढवणारा रस रक्तात सोडी. असा रुग्ण तिथल्या सर्जनबाईंनी बावीस वर्षांत दुसऱ्यांदा पाहिला. तरी त्यांनी घाई केली नाही. दोन आठवडे गोळ्या देऊन दाब ताब्यात आणला, कारण त्या तयारीवाचून गाठीला हात लावला असता तर मी टेबलावरच गेलो असतो. मग भिंतीच्या तुकड्यासह गाठ काढली, मूत्राशय शिवले आणि दहा दिवस नळी ठेवली.

३. गाठीचा अहवाल यायला अकरा दिवस लागले. ‘सौम्य’ हा शब्द ऐकून माझी बायको रुग्णालयाच्या जिन्यात मटकन बसली व रडली. तोच शब्द वाचून आपले लिपिक म्हणाले, “अहो मामा, सौम्य म्हणजे किरकोळ. नियमात गंभीर लागतं. त्या बाईंकडून कर्करोग लिहून आणा, आजच सही करून देतो.” सौम्य म्हणजे न पसरणारी, किरकोळ नव्हे. क्रेनवरून सुटलेली पेटीही पसरत नाही. खाली उभे राहून पाहावे.

४. त्यानंतर आपल्या कक्षाच्या वैद्यकीय मंडळाने माझ्या हाती पेला देऊन, समोर लघवी करून चक्कर दाखवण्यास सांगितले. मी लघवी केली. चक्कर आली नाही, कारण गाठ आता रुग्णालयाच्या बरणीत आहे. शेरा पडला : ‘लक्षणे नाहीत, आजार संशयास्पद.’ म्हणजे एका कागदावर माझा आजार किरकोळ होता, दुसऱ्यावर तो नव्हताच, आणि तिसऱ्यावर मी कायमचा अपात्र आहे. उंटावरून शेळ्या हाकणे मला ऐंशी फुटांवर बसून एकोणीस वर्षांत जमले नाही. आपल्याला ते पहिल्या मजल्यावरून जमते.

सर्जनबाईंनी मला उंचीवर काम करण्यास योग्य ठरवले आहे. त्यांच्याकडे ‘गंभीर’ लिहून मागायला मी जाणार नाही. ज्या शब्दासाठी घरातल्या माणसाने अकरा दिवस श्वास रोखला, तो बदलून मागण्याइतका मी अजून आपल्या कार्यालयात रुळलेलो नाही. शब्द आहे तोच राहील. अर्थ आपण शिकावा, आणि एक तारखेच्या आत आदेश रद्द करून मला माझी शिडी परत द्यावी.

आपला, शक्य तितका नम्र,
(सही)
उंच क्रेनचालक, आवार क्रमांक दोन
दिनांक : तेवीस

सोबत :
१. सर्जनबाईंचे योग्यता प्रमाणपत्र.
२. गाठीचा अहवाल. (‘सौम्य’ या शब्दाखालची लाल रेघ आपल्या कार्यालयाची आहे. शेजारचा डाग माझ्या बायकोच्या डोळ्यातला आहे. दोन्ही वाचावेत.)