यादीत नसलेली बाई

४ जानेवारी २०२६, रविवार

साबण आणायला गेले आणि तीन तासांनी रिकाम्या हाताने घरी आले!

दिव्यानीचा प्रताप. नागपूरला कॉलेजात गेल्यापासून पोरगी शहाणी झाली आहे. सुट्टी संपवून जाताना फ्रिजवर यादी चिकटवून गेली. पामतेल नको — त्यापायी कुठलीतरी जंगलं तोडतात. शाम्पूवर सशाचं चित्र पाहून घ्यायचं, म्हणजे जनावरांवर प्रयोग केलेले नाहीत. प्लास्टिक कमी. लांबून आलेला माल नको. "आई, आपण घेतो म्हणून ते बनवतात." खरं आहे तिचं.

मग आज चंद्रपूरच्या त्या मोठ्या मार्टात चष्मा लावून एकेक पाकीट वाचलं. बिस्किटात पामतेल. फरसाणात पामतेल. साबणातही! तांदळाची पिशवी उचलली — तांदूळ आपल्या ब्रह्मपुरीकडचा, पण पिशवीत भरला कुठल्या कुठे, आणि फिरून परत इथेच! हा जवळचा धरायचा का लांबचा? कळेना. ठेवून दिली.

बल्लारपूरला परत येईपर्यंत डोकं दुखायला लागलं. हे म्हणाले, "साबण आणाले गेली होती का पेपर तपासाले?" शाळेत शिकवते ना, तेवढा टोमणा कायमचा आहे.

७ जानेवारी

ठरवलं, मार्ट बंद. गल्लीतल्या नईमभाईंकडूनच घ्यायचं. तूरडाळ घेताना सहज विचारलं, कुठली हो? म्हणाले, "मॅडम, मार्टात ऑफर लागली होती, तिथूनच दोन पोती आणली."

आता काय करावं माणसानं!

११ जानेवारी, रविवार

पुन्हा मार्टात. वाणासाठी टोपल्या पाहायला गेले होते, होत्या सगळ्या प्लास्टिकच्या. राहू दे. दुसरंच लिहायचं आहे.

धान्याच्या भागात एक बाई असते, चंदा. निळा कोट, पंचेचाळिशीची असेल. पाकिटावरचं बारीक मला दिसेना म्हणून तिनं वाचून दाखवलं. डाळ हातात घेऊन म्हणाली, "हे नोका घेऊ बाई, जुनी हाय. ते घ्या." दुकानाची असून असं सांगते! मी हसले. तेवढ्यात तिचे पाय दिसले. चपलेच्या पट्ट्यातून नुसते फुगून वर आलेले.

"बसत नाही का गं मधे?"

"बसाची सोय कुठी हाय? नऊ तास उभंच. एकडाव पोत्याले टेकली तं साहेबानं फोटो काढला माहा."

आणि मी तिथे शाम्पूवरचा ससा शोधत फिरतेय! दिव्यानीच्या यादीत सशाचं आहे, जंगलाचं आहे. उभ्या बाईचं नाही.

बाहेर पडताना काउंटरवर सूचनांची वही होती. लिहिलं — 'धान्य विभागातल्या महिलांना बसायला स्टूल द्यावेत. नऊ तास उभं ठेवणं माणुसकीला धरून नाही.' नाव नाही लिहिलं. पुढे नसती भानगड नको, असं मनात आलं.

पण बरं वाटलं. पहिल्यांदाच काहीतरी बरोबर केलं असं वाटलं.

१२ जानेवारी

दिव्यानीला फोनवर सांगितलं. "आई, तू भारीच!" दिवसभर हवेत होते.

१८ जानेवारी, रविवार

चंदा नाही. तिच्या जागी कोणीच नाही. पलीकडे मसाल्यांपाशी बुधरी नावाची मुलगी असते, तिला विचारलं. तिनं आधी इकडेतिकडे पाहिलं.

"काढलं तिले. मंगळवारीच. त्या वहीपायी."

"वहीत तिनं थोडंच—" म्हणेपर्यंत मॅनेजर आला आणि ती डबे लावायला लागली.

काही न घेता आले. माझ्यामुळे. माझ्या एका ओळीमुळे.

२० जानेवारी

यांना सांगितलं. म्हणाले, "तू मुद्दाम केलं का? सोड." कसं सोडू?

२१ जानेवारी

शाळा. जेवण गेलं नाही.

२५ जानेवारी, रविवार

बुधरीकडून पत्ता घेतला आणि राजुऱ्याला गेले. चंदाचं घर गावाबाहेरच्या वस्तीत. नुकतीच कापूस वेचून आली होती, केसांत कापसाचे तंतू.

एका दमात सांगून टाकलं — वहीत मी लिहिलं, माझ्यापायी तुझं काम गेलं.

"मले ठाऊक हाय," म्हणाली. "लिहून राह्यले होते तं मी पाहात होती ना."

"मग साहेबाला माझं नाव का नाही सांगितलंस?"

"तुमचं नाव मले मालूम कुठी होतं?" आणि हसायलाच लागली! मला रडू येत होतं आणि ही हसते. चहा ठेवला. दूध नव्हतं, कोरा दिला.

मी म्हटलं, साहेबाला जाऊन सांगते, तुला परत घ्यायला लावते. तर चहा गाळता गाळता म्हणाली, "तिथी उभं राहून पाय जात होते, इथी वाकून कंबर जाते. काय फरक हाय?"

"मग मी त्या मार्टात पाय ठेवणार नाही."

ती एकदम गंभीर झाली. "असं नोका करू बाई. बुधरी हाय तिथी, आणखी चौघी हाय. गिऱ्हाईक तुटलं का आणखी एकीले काढतीन."

जावं तर पाप, न जावं तर पाप. बसमध्ये वाटभर हाच विचार. मी तिचं भलं करायला गेले होते का स्वतःला बरं वाटावं म्हणून? खरंच कळत नाही.

२९ जानेवारी

फ्रिजवरची यादी काढली. फाडली नाही. पुन्हा लावली.

१ फेब्रुवारी, रविवार

आज गेलेच मॅनेजरकडे. नाव सांगितलं, शाळा सांगितली, म्हटलं — वहीतलं मी लिहिलंय, चंदाचा काही संबंध नाही. तो गोड हसला. "मॅडम, कशाला अंगावर घेता? तिनं स्वतः कबूल केलंय."

धान्याच्या भागात बुधरी होती. आता दोन्ही भाग तिच्याकडेच. तिनं सांगितलं. त्या मंगळवारी साहेबानं साऱ्याजणींना रांगेत उभं केलं, कोणी तक्रार केली विचारलं. कोणी बोलेना. मग चंदा पुढे झाली. "म्हणते कशी — मीच लिहिलं, अन् बरोबर लिहिलं."

हे सांगताना बुधरी तांदळाच्या पोत्यावर बसली होती. मॅनेजर समोरून गेला. ती उठली नाही.