पडवीतल्या चारचाकी फटफटीची व्यवस्था

मी, मालिनी श्यामकांत टिपणीस, वय एकसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवते ऐसे जे : पुढच्या आठवड्यात माझे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखे काही नाही, पण ते म्हणताना माझ्याकडे न बघता फायलीकडे बघत होते. म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याचा हक्क असलेला माणूस १९९० सालीच गेला, आणि असतानाही त्याला ते कधी जमले नाही. वकीलसाहेबांनी मसुदा टाईप करून आणला होता. तो दोनदा वाचला, पण त्यात मी कुठे सापडेना, म्हणून तो परत केला.

हे सगळे लिहिण्याचे खरे कारण कलम चार आहे. पण आधीची तीन उरकल्याशिवाय चौथ्याला येऊ नये अशी रीत दिसते.

कलम १. राहते घर, पडवीसकट, माझी एकुलती एक मुलगी वृंदा हिला. ती नाशिकला असते आणि तिथेच रमली आहे, तेव्हा तिने विकले तरी मी भूत होऊन येणार नाही. पडवीच्या फरशीवर ग्रीसचे डाग आहेत. ते घासण्याच्या भानगडीत पडू नये, जात नाहीत.

कलम २. पोस्टातले पैसे आणि अंगावरचे दागिने, तेही वृंदालाच. मोत्याची नथ तिला आवडत नाही हे मला ठाऊक आहे. तरी तिलाच.

कलम ३. शिवणयंत्र माझ्या क्लासच्या मुलींना, सामायिक. भांडल्यास कोणालाच नाही. मोठी कात्री कापडाची आहे. तिने कागद कापणाऱ्याचे भले होणार नाही. मी स्वतः तिने एकदाच कागद कापला, तो इंजिनासाठी, आणि त्याचे काय झाले ते पुढे येईलच.

कलम ४. पडवीत ताडपत्रीखाली उभी असलेली शर्यतीची चारचाकी फटफटी. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते : हँडल मोटारसायकलचे, सीट मोटारसायकलची, पण चाके चार आणि गुबगुबीत. परदेशात म्हणे ती मातीत पळवतात. माझे यजमान कै. श्यामकांत अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत अधिकारी होते. १९८७ साली मिक्सर आणतो म्हणून उल्हासनगरला कँपात गेले आणि टेम्पोत ही घालून घेऊन आले. परसराम नावाच्या सिंधी भंगारवाल्याकडे ती पडून होती. इंजिन पार कामातून गेलेले.

"मालू, सांगाडा बघ. एकदम सॉलिड आहे," हे म्हणाले.

मी म्हटले, "मग चटणी आता सांगाड्यात वाटू का?"

तीन वर्षे प्रत्येक रविवार त्या सांगाड्याचा. वाकलेले सरळ केले, गंजलेले घासले, पुढची चाके वळती केली. पण बसेल असे इंजिन काही मिळेना. ते शोधता शोधताच एका रविवारी चहा पिऊन आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मला त्या गाडीचा असा काही राग आला की विचारू नका. मी तिच्यावर पापड वाळत घातले. आणि घरात कोणी नसले की तिच्या सीटवर बसून रडले. दोन्ही खरे आहे, म्हणून दोन्ही लिहिते.

१९९२ साली कुळगावची गोदूबाई जनू भोईर माझ्याकडे ब्लाउज शिवायला आली. गोदूबाई म्हणजे स्वतःची भातशेती स्वतः करणारी, लुगड्याचा काष्टा घालणारी, आणि तलाठ्यापासून सापापर्यंत कोणाला न भिणारी बाई. माप द्यायचे सोडून ती पडवीत गेली आणि पापड बाजूला सारून खाली बघू लागली.

"याला इंजान नाय गो?"

"नाही."

"माजेकडं हाय. कनगीत."

मला वाटले उन्हाने झाले असेल. पण होते खरे. तिचा मुलगा बाळा मातीतल्या शर्यतीत मोटारसायकल पळवायचा. एकदा पडला आणि गळ्याजवळचे हाड मोडून घेतले. तो प्लास्टरमध्ये असताना या माउलीने गावातल्या मेकॅनिकला धरून मोटारसायकलचे इंजिन उतरवले आणि भाताच्या कणगीत खोल पुरून टाकले. पोराला सांगितले, चोरीला गेले. बाळा चौकीत जाऊन तक्रार देऊन आला आणि घरी येऊन त्याच कणगीतल्या भाताचे जेवला.

"तुजे हय ठेवला तं त्याला सापडनार नाय," गोदूबाई म्हणाली. तिला ते घरातून घालवायचे होते आणि मला ह्यांचा अर्धा राहिलेला रविवार पुरा करायचा होता. दोघींनी एकमेकींवर उपकार केल्यासारखे दाखवले.

त्यानंतर रोज संध्याकाळी ती शेतावरून थेट माझ्याकडे. मी क्लास आटोपलेली. इंजिन सांगाड्यात बसवायला बैठक हवी, तर मी ब्लाउजचा कागद कापतात तसा तिचा कागद कापला, अंबरनाथच्या वेल्डरला दिला, आणि त्याने त्याबरहुकूम पत्रे जोडून दिले. टाक्याचाही फरक नाही. फक्त एक अडचण आली. इंजिनाची साखळी डावीकडे येत होती आणि गाडीच्या मागच्या दांड्यावरचे दातेरी चाक होते उजवीकडे. आता आयुष्यभर कपडे शिवणाऱ्या बाईला यात काय अवघड? बाही चुकीच्या बाजूला आली की उलटून लावायची. आम्ही इंजिन उलटे फिरवून बसवले. साखळी अशी नेमकी जुळली की गोदूबाईने माझी दृष्ट काढली.

दसऱ्याला पूजा ठेवली. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ, आणि नव्या गाडीला ठेवतात तशी चारही चाकांपुढे लिंबे. अर्धा हेंद्रेपाडा जमला होता. माझे धाकटे दीर दिनानाथ भावोजी ठाण्याहून मुद्दाम स्कूटरवर आले होते आणि ती त्यांनी सावलीत, गाडीच्या मागे लावली होती. गोदूबाई काष्टा खोचून सीटवर बसली. पहिल्या किकला सायलेन्सरमधून भाताचा कोंडा उडाला, दुसऱ्या किकला इंजिन गरजले. तिने गिअर टाकला आणि गाडी जी सुटली ती मागे. सरळ भावोजींच्या स्कूटरवर. चारही लिंबे जागच्या जागी.

माझे आजही म्हणणे आहे की शिवणात ते बरोबरच ठरले असते.

सगळे स्कूटरकडे धावले, तेवढ्यात गर्दीतून बाळा पुढे आला. गाडीकडे नाही, इंजिनाकडे बघत. "आये, हा आवाज माज्या गाडीचा हाय."

गाडी स्कूटरवर चढलेली, गोदूबाई तशीच सीटवर बसून म्हणाली, "तुजे गाडीला चार चाकं व्हती का रं?"

बाळाने पाना मागितला. इंजिन पुन्हा सुलटे बसवले आणि मागचा दांडाच काढून उलटा घातला, म्हणजे दातेरी चाक डावीकडे आले. झाले काम. बाही उलटायची नव्हती, पाठ उलटायची होती. आईला तो फक्त एवढेच म्हणाला की, आता शर्यतीत मी नाही, तू बस.

तो चेष्टेने म्हणाला होता. ती बसली. पुढच्या हिवाळ्यात इथल्या एका मंडळाने कापणी झालेल्या शेतांत मोटारसायकलींची शर्यत ठेवली, तिथे आम्ही गेलो. पुढे गोदूबाई, मागे मी. पंच म्हणाले, "बाई, मागे बसता येणार नाही." मी म्हटले, "नियमात दाखवा." नियमात नव्हते, कारण असे कोणी करील हेच कोणाच्या डोक्यात आले नव्हते. दोन फेऱ्या आम्ही अशा मारल्या की माझा चष्मा कानावरून निघून दातांत आला. तिसऱ्या फेरीला चौघे पुढे, बाकी सगळे मागे. आणि एवढ्यात गोदूबाईला लांब तिच्या खळ्यावर कोणाची तरी म्हैस भाताला तोंड लावताना दिसली. तिने हँडल वळवले, शर्यतीच्या कडेची दोरी तोडली, आणि बांधावरून उडी मारत थेट म्हशीवर. शर्यत गेली, भात राहिले. "पयला नंबर काय खाता येतो?" असे ती वर मलाच म्हणाली.

दिनानाथ भावोजी मात्र त्या दसऱ्यापासून एकच धरून बसले आहेत. लिंबे चिरडली नाहीत, म्हणजे पूजा लागली नाही, म्हणजे गाडी अपशकुनी. "वहिनी, दादाची वस्तू आहे, घराण्याची आहे, तिचं काय करायचं ते आम्ही बघू." काय करायचे ते त्यांनी बघूनही ठेवले आहे. कँपातल्या एका भंगारवाल्याशी बोलणे झाले आहे. तो गेल्या महिन्यात येऊन माझ्या डोळ्यांदेखत टायरवर नखाने टिचक्या मारून गेला. घराची दुसरी किल्ली भावोजींकडे आहे. मी इस्पितळात गेले की टेम्पो येणार हे मला पंचांगाइतके स्पष्ट दिसते आहे. नुसती झोप उडाली आहे माझी.

मग आधीच का दिली नाहीस गोदूबाईला, असे वृंदाने फोनवर विचारले. तिला मी काहीतरी उडवाउडवीचे सांगितले. खरे इथे लिहिते. गाडी माझ्या पडवीत आहे म्हणून गोदूबाई रोज येते. येते, किक मारते, मैदानाला चक्कर मारते, चहा पिते, सुनेच्या कागाळ्या सांगते आणि जाते. गाडी गेली तर ती कशाला येईल? तिला काय कमी बाया आहेत बोलायला? मला मात्र दुसरी कोणी नाही. या वयात मैत्रीण मिळाली, आणि ती टिकवायला मला एक फटफटी पडवीत बांधून ठेवावी लागते आहे, हे मला आवडत नाही, पण आहे ते असे आहे.

सबब माझ्या पश्चात सदर वाहन, इंजिन, चारही चाके व हत्यारांसह, गोदूबाई जनू भोईर हिलाच द्यावे. दिनानाथ भावोजी अथवा अन्य कोणी त्यास हरकत घेतल्यास ती रद्दबातल समजावी.

येथवर लिहून झाले तोच वकीलसाहेब आणि साक्षीसाठी बोलावलेली मंडळी आली : गोदूबाई आणि बाळा. वकीलसाहेबांनी कलम चार मोठ्याने वाचले. म्हैस आली तेव्हा गोदूबाई हसली. शेवट आला तेव्हा हसली नाही. वाचून झाल्यावर वकीलसाहेब डोके खाजवू लागले.

"ताई, जिला देताय तिचीच साक्ष घेऊ नये. उद्या दिनानाथराव कोर्टात नेमकं हेच धरतील."

"दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही," मी म्हटले.

गोदूबाईने वकिलांना विचारले, "ही गाडी मना कवा मिलंल?"

"ताईंच्या पश्चात."

"म्हंजे ही मेल्यावं?"

"हो, तसंच."

"मंग नको. मी काय हिचे मरनाची वाट बगत बसू? गिधाड हाय का मी?"

वकीलसाहेब शहाणे आहेत. ते म्हणाले, "मग आजच हातोहात देऊन टाका. जंगम वस्तू आहे, किल्ली दिली की दिली. मृत्युपत्रात तिचा प्रश्नच राहणार नाही, आणि गोदूबाईंची साक्षही चालेल."

सगळे माझ्याकडे बघू लागले. गाडीची किल्ली माझ्या पदराला बांधलेली होती. मी ती सोडीना. शेवटी जे कागदावर लिहिले होते आणि सगळ्यांनी ऐकले होते, तेच तोंडाने विचारले. "गोदूबाई, गाडी गेल्यावर तू येशील का गं?"

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी तिच्या भातात म्हैस सोडली आहे.

"येडी का काय तू? गाडी कुलगावात, तू हय. तुला आनाला मना रोज यावंच लागंल ना. आनि हास्पिटलातनं घरी कशी येशील? रिक्षानं?"

मी पदराची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना, शेवटी तिनेच सोडवली.

कलम ४, दुरुस्ती. वरील कलमातील देणगीचा भाग मी राजीखुशीने रद्द करीत आहे. सदर वाहन आज माझ्या मालमत्तेत नाही. ते मी माझ्या हयातीत, माझ्या हाताने, गोदूबाई जनू भोईर हिला दिले, आणि तिने ते घेतले. हकिकतीचा भाग मात्र खोडू नये. तो राहू द्यावा.

कलम ५. वाहन गेल्याने ताडपत्री मोकळी झाली आहे. ती दिनानाथ भावोजींना, नव्या स्कूटरवर घालण्यासाठी.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला आणि मला मान्य आहे. दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली, आणि त्यांनी माझ्या समोर केली.

सही : मालिनी श्यामकांत टिपणीस

साक्षीदार :
१. गोदूबाई जनू भोईर, राहणार कुळगाव. डाव्या हाताचा अंगठा. (शाई नव्हे, ग्रीस आहे. वकीलसाहेब म्हणाले चालेल.)
२. बाळा जनू भोईर, राहणार कुळगाव. सही.

तारीख : ११ जानेवारी १९९८

स्थळ : ~~हेंद्रेपाडा, माझी पडवी.~~ कुळगाव, गोदूबाईचे अंगण. मला तिने मागे बसवून आणले. वकीलसाहेब आणि बाळा कागद घेऊन रिक्षाने येईपर्यंत आमचा चहा झाला होता.